पत्रमित्र, फास्टर फेणे आणि लाल शाई : बडोदे–इंदूर, १९८१ ते १९८३

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत मी श्रीसयाजी बालज्ञानमालेवर निबंध वाचला होता. त्याच्या शेवटी मी एक वाक्य ठोकून दिलं होतं, की १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यानंतर इथल्या मुलांचं मराठी वाचन आटत गेलं. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "आटलं म्हणता, मग तुम्ही स्वतः लहानपणी काय वाचत होतात?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स सांभाळलेल्या माणसाला एक सवय लागलेली असते. पंप बंद पडला असं कोणी सांगितलं, तर आधी जाऊन हात लावून बघायचं, मग लॉगबुकात लिहायचं. इथे मी न बघताच लिहिलं होतं.

गेल्या वर्षी दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत सुतळीने बांधलेली चौतीस पत्रं होती. सव्वीस पोस्टकार्डं, आठ आंतरदेशीय. सगळी इंदूरहून आलेली, एकाच मुलाची, माझ्या नावावर. पहिल्यावर जुलै १९८१ चा शिक्का, शेवटच्यावर नोव्हेंबर १९८३ चा. पत्रांच्या खाली एक पुस्तक होतं, 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. पहिल्या पानावर माझं नाव नव्हतं, त्याचं होतं.

हा निबंध म्हणजे त्या डब्याची नोंद आहे. माझ्या जुन्या वाक्याची दुरुस्तीही त्यातच आहे. आणि एक जुनी चूकही मला इथे लिहून ठेवायची आहे.

पत्रमित्र कसा मिळाला

आजच्या मुलांना पत्रमैत्री म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. त्या काळी मुलांच्या बऱ्याच मासिकांत शेवटच्या पानांवर 'पत्रमित्र हवेत' असं सदर असायचं. नाव, वय, इयत्ता, छंद, पत्ता, एवढंच. छंदांची यादी सगळ्यांची एकच, वाचन, क्रिकेट आणि पोस्टाची तिकिटं जमवणे. पुण्याहून येणाऱ्या एका मासिकात मी त्याचं नाव वाचलं. पाचवी, इंदूर, छंद : 'फास्टर फेणे वाचणे'. बाकीचे वाचन लिहीत होते, याने थेट नाव लिहिलं होतं. मी त्याच दिवशी १५ पैशांचं पोस्टकार्ड आणलं.

बडोद्यात मराठी मासिकं कुठून यायची, हेही नोंदवण्यासारखं आहे. 'आनंद' पुण्याचा, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली सुरू केलेला. 'किशोर' बालभारतीचा, १९७१ पासूनचा. आणि 'चांदोबा' तर चक्क मद्रासहून यायचा. मुळात १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं हे मासिक १९५२ पासून मराठीतही निघू लागलं. म्हणजे मराठी न बोलणाऱ्या शहरात छापलेलं मासिक, दुसऱ्या मराठी न बोलणाऱ्या राज्यातला मुलगा वाचत होता. विक्रम-वेताळ मला पहिल्यांदा भेटले ते तिथेच.

पण आमच्या दोघांचा खरा दुवा होता फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला. काडीसारखा किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारखा, आणि काही खटकलं की तोंडाने 'ट्टॉक' करणारा. सुभाष देसाई त्याचा दोस्त, माली त्याची बहीण. आम्ही दोघांनीही तोवर पुणं पाहिलेलं नव्हतं. तरी पुण्याच्या पेठा, पूल, टेकड्या आम्हाला पाठ होत्या. तिसऱ्याच पत्रात त्याने मला पुण्याचा एक नकाशा काढून पाठवला आहे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागात, निळ्या बॉलपेनने, आणि त्यात फुरसुंगीला बाण. दिशा साफ चुकली आहे, फुरसुंगी त्याने पश्चिमेला दाखवली आहे. मी तो नकाशा बरोबर मानून तीन वर्षं जगलो.

पुस्तकं कुठून येत

माझी पुस्तकं येत मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून. सभासदांना तिचा इतिहास माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं वाचायला शिकली, आता त्यांनी वाचायचं काय? १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल आले आणि १९१३ पर्यंत राहिले. सेंट्रल लायब्ररी, गावोगावची वाचनालयं आणि जिथे तेही नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, अशी सगळी रचना त्या वर्षांत उभी राहिली. मागोमाग महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्याच्या व्याजातून श्रीसयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला निघाल्या, मराठीत आणि गुजरातीतही. मुलांसाठी एकाच मालेत, एकाच आकारात, ओळीने पुस्तकं काढायची ही कल्पना आपल्या गावात फास्टर फेणेच्या कितीतरी आधी आलेली होती.

लायब्ररीतल्या लोखंडी मांडण्या अमेरिकेतल्या स्नीड कंपनीच्या आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरच्या मजल्यावर पडलेला उजेड खालच्या मजल्यावरही उतरतो. मी इंजिनिअर झालो त्याचं एक कारण ती काचेची जमीन असावी. दहा वर्षांचा असताना वर कोणी चाललं की खालून त्यांच्या चपलांच्या सावल्या दिसायच्या. मी पुस्तक शोधायचं सोडून तेच बघत बसायचो.

इंदूरच्या मुलाकडे असं वाचनालय घरापाशी नव्हतं. पण त्याचे काका पुण्याला होते आणि दर दिवाळीला दोन पुस्तकं आणायचे. तेव्हा आमची देवघेव अशी ठरली, की मी लायब्ररीतलं पुस्तक वाचून त्याची गोष्ट पत्रातून सांगायची आणि त्याने स्वतःचं पुस्तक बुकपोस्टाने पाठवायचं. बुकपोस्टाचं पाकीट बंद करायचं नाही, दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे आत पत्र नाही हे पोस्टाला बघता यायचं, आणि दर कमी पडायचा. आम्ही अर्थातच पुस्तकाच्या आत पेन्सिलीने बारीक अक्षरात निरोप लिहायचो. 'चक्रीवादळात फास्टर फेणे'च्या पन्नासाव्या पानावर मी त्याला निरोप लिहिला होता, हे त्याच्या उत्तरावरून कळतं. सरकारला आम्ही दोघांनी मिळून किती पैशांना बुडवलं, याचा हिशोब मी केलेला नाही.

पिनकोडचा पहिला आकडा

पत्रांवरचे शिक्के मी एका वहीत उतरवून घेतले. पोस्टकार्डावर दोन शिक्के असतात, टाकलं तिथला आणि पोचलं तिथला. ज्या पत्रांवर दोन्ही शिक्के वाचता येतात अशी एकवीस आहेत. त्यांतली बरीचशी तीन ते पाच दिवसांत पोचलेली आहेत. एकच बारा दिवसांनी, आणि ते पावसाळ्यातलं आहे.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, पोस्ट खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. माझा पत्ता ३९० ने सुरू होणारा, त्याचा ४५२ ने. पुण्याचा ४११. म्हणजे पोस्टाच्या हिशोबात इंदूर पुण्याच्याच विभागात, कारण ४ हा आकडा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचा. मी मात्र ३ मध्ये, राजस्थानबरोबर. बेळगावचा ५९०, हैदराबादचा ५००, ते ५ मध्ये. हे त्याच्याच लक्षात आलं होतं. फेब्रुवारी १९८२ च्या पत्रात त्याने लिहिलं आहे की तो आणि फास्टर फेणे एका आकड्याचे आणि मी बाहेरचा. मला ते झोंबलं होतं, हे आजही आठवतं. उत्तरात मी काय लिहिलं ते माझ्याजवळ नव्हतं. एकतर्फी दप्तराची ही अडचण. पेशवे दप्तरावर काम करणाऱ्यांना ती ठाऊक आहे, पण स्वतःच्या बाबतीत ती आली की जरा वेगळी वाटते.

आकड्यांचं सोडा. बडोदे आणि इंदूर ही गावं मराठी साहित्याच्या नकाशावर शेजारीच होती. साहित्य संमेलन १९३४ साली बडोद्याला भरलं आणि लगेच १९३५ साली इंदूरला. आमच्या आजोबांनी बडोद्याचं संमेलन पाहिलं होतं. पत्रमित्राच्या आजोबांनी इंदूरचं. हे आम्ही एकमेकांना कळवलंही होतं, क्रिकेटच्या स्कोअरसारखं : एक-एक, बरोबरी.

जुलै १९८२

चौतीस पत्रं तारखेप्रमाणे लावून सलग वाचली, तेव्हा एक गोष्ट दिसली जी लहानपणी दिसली नव्हती. पहिली अकरा पत्रं साफ आहेत. अक्षर वळणदार, वाक्यं लहान, क्वचित एखादा हिंदी शब्द. बारावं पत्र जुलै १९८२ चं. त्यात एका ओळीत लिहिलं आहे की शाळेत पाचवीच्या पुढे मराठीचा वर्ग आता नाही, म्हणून सहावी हिंदीत. बस, एवढंच. पुढे लगेच फास्टर फेणेचा विषय.

त्यानंतरच्या बावीस पत्रांत हळूहळू भाषा बदलते. 'परत'च्या जागी 'वापस' येतं. 'पुस्तक'च्या जागी कधी 'किताब'. 'अभ्यास करतो आहे' हे 'अभ्यास करून राहिलो आहे' होतं. 'पत्र'ची 'चिठ्ठी' होते. वेलांट्या डळमळायला लागतात. जून १९८३ च्या पत्रात, भारताने विश्वचषक जिंकला त्या आठवड्यातल्या, आनंदाच्या भरात अर्धं पत्र हिंदीतच आहे आणि मग आठवण झाल्यासारखा तो मराठीवर येतो. आज वाचताना स्पष्ट दिसतं : शाळेतून मराठी गेलेली आहे, आणि एक मुलगा घरातली बोली, काकांनी आणलेली पुस्तकं आणि बडोद्याहून येणारी पत्रं यांच्या आधाराने ती लिहायची धडपड करतो आहे.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि मला यातलं काही दिसलं नाही. मला चुका दिसल्या. आमच्या घरी शुद्धलेखनाचा मोठा धाक. आई मराठी शिकवायची. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले होते, आणि आम्ही गुजरातेत राहूनही ते पाळायचो, किंबहुना जास्तच कडक पाळायचो. बाहेर राहणाऱ्यांचं असं होतं. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याचं एक आंतरदेशीय पत्र आलं. मी आईची लाल शाईची दौत घेतली, त्याच्या पत्रावर चुका दुरुस्त केल्या, खाली 'सुधारणेला वाव आहे' असं लिहिलं, आणि माझ्या पत्रासोबत पाकिटात घालून ते त्यालाच परत पाठवलं.

नोव्हेंबरात त्याचं शेवटचं पोस्टकार्ड आलं. तीन ओळी. तब्येत बरी आहे, परीक्षा आहे, पुस्तक सवडीने पाठव. एकही चूक नाही. नंतर मी चार पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. पुस्तक मी पाठवलं नाही, कारण ते पाठवलं की संपलंच, असं मला वाटत होतं. ते डब्यात गेलं आणि चाळीस वर्षं राहिलं.

दोन भास्कर रामचंद्र

मध्यंतरी काय झालं, तर मी नोकरी सोडली आणि या इतिहासाच्या नादाला लागलो. मध्य भारतातल्या मराठी लेखकांची यादी करताना एक नोंद समोर आली : भास्कर रामचंद्र भागवत, जन्म ३१ मे १९१०, इंदूर.

मी ती नोंद दोनदा वाचली. आधी वाटलं, नावाचा घोटाळा असेल, कारण भास्कर रामचंद्र म्हणजे कवी तांबेही. तांब्यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा, ते ग्वाल्हेर दरबारचे राजकवी. पण नाही, हे आपलेच भा. रा. होते. 'बालमित्र' मासिक चालवणारे, ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात देणारे, फास्टर फेणेचे जनक. २७ ऑक्टोबर २००१ रोजी ते गेले. पुढे २०१७ साली फास्टर फेणेवर सिनेमा आला तोही २७ ऑक्टोबरलाच.

म्हणजे ज्या पुणेरी मुलाच्या मराठीचा दाखला देऊन मी इंदूरच्या मुलाची मराठी लाल केली, त्या पुणेरी मुलाला जन्म देणारा लेखक इंदूरचा. पिनकोडच्या वादात तो माझ्यावर मात करू शकला असता, पण हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. हसावं की काय करावं, कळेना. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे खरं.

आणखी एक पुरावा त्याच डब्यात होता. माझ्या आजोबांचं मला आलेलं एक पोस्टकार्ड चुकून त्या गठ्ठ्यात बांधलं गेलं होतं. आजोबा बडोदे संस्थानच्या मराठी शाळेत शिकलेले. ते 'नाहीं' लिहितात, 'कांहीं' लिहितात, 'मुलें आलीं' लिहितात, जुन्या पद्धतीचे अनुस्वार देऊन. १९६२ च्या नियमांनी मोजलं तर त्यांच्या एका कार्डावर पंधरा ठिकाणी लाल शाई लागेल. माझी ती हिंमत झाली नसती. आजोबांचं लिखाण म्हणजे जुनं वळण आणि मित्राचं लिखाण म्हणजे चूक, हा फरक मी कुठल्या नियमाने केला होता?

भेट

डिसेंबर २०२३ मध्ये एका लग्नाला इंदूरला जाणं झालं. पुस्तक पिशवीत घेतलं होतं. राजवाड्याजवळच्या त्या गल्लीत जुन्या घराच्या जागी आता कापडाचं दुकान आहे. दुकानदाराने आडनाव ऐकून लगेच फोन लावून दिला. मी 'नमस्कार, मी बडोद्याहून बोलतोय, आपल्याला आठवत असेल की नाही' अशी सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, "अरे भिया! प्रतापगड वापस करायला आला का?"

तो बँकेतून निवृत्त झाला आहे. घरी गेलो, वहिनींनी पोहे-जिलबी समोर ठेवली. तासभर तर आम्ही क्रिकेटवरच बोललो. मग मी लाल शाईचा विषय काढला. माफी मागायची तर सरळ मागावी, म्हणून सरळच बोललो. तो उठून आत गेला आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. माझी पत्रं. चाळीस होती, माझ्याकडच्यापेक्षा सहा जास्त. म्हणजे शेवटची चारही त्याला पोचली होती. आणि तो लाल कागदही होता.

मी म्हटलं, "तू उत्तर का दिलं नाहीस?"

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. जिलबीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तू लाल केलं ते बरोबरच होतं यार. पण मराठीत लिहायला मला तू एकटाच होतास. शाळेत नाही, दोस्तांत नाही. शेवटचं ते कार्ड मी आईकडून तपासून घेतलं, तेव्हा टाकलं. मग वाटलं, दर वेळी आईकडून तपासून काय चिठ्ठी लिहायची? सोडून दिलं."

पुढे त्याने मराठीत काही लिहिलं नाही. बोलतो उत्तम, वाचतोही. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिच्याशी मेसेज हिंदीत. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट त्याला वाटत होतं की मी उगाच इतकं मनाला लावून घेतलं. पण एका भाषेतलं लिहिणं एका घरातून कसं थांबतं, याची तारीख आणि कारण मला इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडलेलं नाही. आणि त्या कारणात माझा हात आहे.

तो कागद आम्ही दोघांनी मिळून टेबलावर ठेवून वाचला. मी एकूण सतरा खुणा केल्या आहेत. त्यांतल्या तीन माझ्याच चुकलेल्या आहेत. त्याने 'आणि' बरोबर लिहिलं होतं, मी ते दोन ठिकाणी 'आणी' केलं आहे. आणि त्याच पाकिटातल्या माझ्या स्वतःच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, की पाऊस फार आहे आणि बारीतून पाणी आत येतं. बारी म्हणजे खिडकी, गुजराती शब्द. पुढे मी 'चोपडी' लिहिलंय आणि 'शाळेला रजा आहे' असंही. त्याने ते वाचलं होतं, समजून घेतलं होतं, आणि कधी एका शब्दाने मला टोकलं नव्हतं. त्याची 'वापस' मला खुपली, माझी 'बारी' मला दिसली नाही. इंदूरची मराठी आणि बडोद्याची मराठी पोस्टकार्डावर समोरासमोर आल्या होत्या. दोघींनाही पुण्याची मराठी म्हणजेच खरी असं वाटत होतं. आणि दोघींपैकी मलाच तेवढी लाल शाईची दौत हाताशी होती.

दुरुस्ती

आता जुन्या वाक्याकडे येतो. विलीनीकरणानंतर बडोद्यातलं मुलांचं मराठी वाचन आटलं, हे माझं विधान मी मागे घेतो. या दोन गठ्ठ्यांत, म्हणजे एकूण चौऱ्याहत्तर पत्रांत, आम्ही दोघांनी मिळून एकोणतीस मराठी पुस्तकांचा उल्लेख केला आहे. अडीच वर्षांत, दोन मुलांनी, महाराष्ट्राबाहेर बसून. वाचन आटलं नव्हतं. आधी आटलं ते लिहिणं, आणि ते राज्य विलीन झालं तेव्हा नव्हे, तर एका शाळेतला एक वर्ग बंद झाला तेव्हा. दोन मुलांवरून सगळ्या समाजाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी इंजिनिअर म्हणूनही जाणतो. पण वाचन आणि लेखन या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, हे या दप्तराने मला शिकवलं. आपण ग्रंथालयांच्या नोंदवह्या बघतो, वर्गणीदारांच्या याद्या बघतो, संमेलनांचे वृत्तांत बघतो. त्यांतून किती जण वाचत होते ते कळतं. किती जण लिहीत होते, आणि कुणी कधी थांबवलं, ते घरातल्या डब्यांतच असतं.

मित्राच्या संमतीने दोन्ही गठ्ठे आता मंडळाच्या संग्रहात ठेवत आहोत. नावं आणि पत्ते झाकलेले आहेत. त्यांची नक्कल करताना एक नियम आम्ही दोघांनी मिळून केला आहे, आणि तो मंडळाने पुढच्या सगळ्या खासगी पत्रांना लावावा अशी माझी विनंती आहे : एकही वेलांटी बदलायची नाही. 'वापस' तसंच, 'बारी' तशीच, आजोबांचं 'नाहीं' तसंच, आणि माझं चुकीचं 'आणी' सुद्धा तसंच, लाल शाईतलं.

सभासदांच्या घरी अशी मुलांची पत्रं असतील तर ती रद्दीत घालू नका. त्यांत काही विशेष नाही असं वाटलं तरी आणा. आणि आणण्याआधी कृपा करून तपासू नका.

'प्रतापगडावर फास्टर फेणे' मी त्याला परत दिलं. त्याने पान उलटून बघितलं, पेन्सिलीचा माझा एक निरोप त्यात अजून होता, आणि पुस्तक पुन्हा माझ्याच हातात ठेवलं. म्हणाला, वाचून झालं की बुकपोस्टाने पाठव. परवा त्याचं पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्डाला आता पन्नास पैसे पडतात. 'किताब अजून आली नाही, खबर कर', असं लिहिलं आहे. मी उद्या टाकतो आहे.